छत झकास, पण व्हॉल्व्ह कुठाय?

ऑफिसच्या छताकडे कधी नीट बघितलंय? कंटाळवाण्या मीटिंगमध्ये जांभई देताना नव्हे, खरंच निरखून? एसीची जाळी आणि डाऊनलाइट यांच्यामध्ये धातूची एक छोटी तोटी डोकावत असते. तिच्यात काचेची इवलीशी नळी, बहुतेकदा लाल. हा स्प्रिंकलर.

हॉलिवूडने आपल्या डोक्यात एक फंडा पक्का बसवलाय : कुणीतरी सिगारेट पेटवली की अख्ख्या मजल्यावर धो धो पाऊस! प्रत्यक्षात धुराशी त्याचं काही देणंघेणं नसतं. लाल नळी ६८ अंश सेल्सिअसच्या आसपास फुटते आणि तेवढाच एक स्प्रिंकलर सुटतो. फिलाडेल्फियाच्या वन मेरिडियन प्लाझामध्ये १९९१ साली बाविसाव्या मजल्यावर लागलेली आग आठ मजले गिळत वर गेली. अग्निशमन दलाचे तीन जवान त्यात गेले. तिसाव्या मजल्यावर मात्र स्प्रिंकलर होते. तिथे जेमतेम १० सुटले आणि आग थांबली.

सॉलिड आहे ना? पण एक अट आहे. कुणाचा तरी हात तिथवर पोचला पाहिजे.

मी फ्रीलान्सर, त्यामुळे माझं ऑफिस म्हणजे बाणेरची एक को-वर्किंग जागा. मध्यंतरी तिचा मेकओव्हर झाला. जिप्समचं फॉल्स सीलिंग, भिंतींना लाकडी पॅनेल, एकदम कॅफे लूक. जुलैमध्ये तपासणीवाले आले. त्यातले एक दादा पाना हातात घेऊन पॅसेजमध्ये नुसतेच फेऱ्या मारत होते.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"टेस्ट व्हॉल्व्ह, ताई. इथेच होता. पॅनेलच्या मागे गेला."

हा व्हॉल्व्ह लाइनच्या टोकाला असतो. तो उघडला की एका स्प्रिंकलरइतकं पाणी वाहतं आणि अलार्म वाजायला हवा. तो सापडलाच नाही, तर संकटात पाणी येईल आणि घंटा वाजेल हे कळणार कसं? मॅनेजरचं म्हणणं वेगळंच : "अहो, एवढं महागाचं पॅनेल कापायचं? सर्टिफिकेट मिळेल की!"

आम्ही चौघांनी मेल टाकला. दोन आठवडे टोलवाटोलवी झाली. शेवटी पॅनेल कापून दीड फुटाचा ट्रॅप डोअर बसला. दादांनी व्हॉल्व्ह उघडला. पाणी आलं. अलार्म मात्र ढिम्म! मेकओव्हरच्या गडबडीत त्याची वायर तुटली होती. आम्ही इतके दिवस त्या मुक्या घंटेच्या भरवशावर नाइट मारत होतो.

लॉस एंजेलिसच्या ६२ मजली फर्स्ट इंटरस्टेट बँक टॉवरमध्ये १९८८ साली स्प्रिंकलर बसवायचं काम जवळपास पूर्ण झालं होतं. पण अलार्मची जोडणी बाकी म्हणून व्हॉल्व्ह बंद ठेवलेले. पाच मजले जळाले, एक कर्मचारी गेला. छतावर सगळं दिसत होतं, पाणी तेवढं नव्हतं.

आपल्याकडे कायदा आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं ही मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची जबाबदारी. परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्रही वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यावं लागतं. पण पॅनेलच्या मागे दडलेला व्हॉल्व्ह कागदावरून तपासता येत नाही, राव.

म्हणून अॅडमिनला तीन प्रश्न विचाराच. टेस्ट व्हॉल्व्ह कुठे आहे? त्याच्यापर्यंत काहीही न तोडता जाता येतं का? शेवटचा अलार्म कधी वाजवून बघितला?

आणि हो, स्प्रिंकलरवर रंगाचा हात फिरला असेल तर तो पुसून चालत नाही, बदलावा लागतो. त्याच्याखाली अर्धा मीटर जागा मोकळी हवी. फायलींचे खोके छतापर्यंत रचू नका. दिवाळीतल्या बे डेकोरेशन कॉम्पिटिशनमध्ये आकाशकंदील जरूर लावा. फक्त तो स्प्रिंकलरला टांगू नका. बक्षीस दुसऱ्या खिळ्यावरही मिळतं.