मुस्तफाचा पडदा

जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ साली 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा गेम काढला. देशभरातल्या गेम पार्लरांसारखंच चंद्रपूर-बल्लारपूरच्या पोरांनीही त्याला त्यातल्या पिवळ्या टोपीच्या गड्याचं नाव दिलं, आणि तो कायमचा 'मुस्तफा' झाला. खाणीतल्या कामगारांची पोरं, पेपर मिल कॉलनीतली पोरं, आठवडी बाजाराला आलेली खेड्यातली पोरं, सगळी एका पडद्यासमोर खांद्याला खांदा लावून उभी असायची. एक रुपया टाकायचा आणि डायनोसॉरच्या जंगलात शिरायचं. खरे डायनोसॉर आपल्याच जिल्ह्यात होते, हे तेव्हा आम्हांला कोणी सांगितलं नाही. वरोऱ्याकडच्या डोंगरगावला १९८०च्या दशकात कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी एका प्रचंड डायनोसॉरची हाडं उकरून काढली. आज त्याचं शास्त्रीय नाव आहे आयसिसॉरस, संस्थेच्या आद्याक्षरांवरून ठेवलेलं. शेजारच्या जिल्ह्यात, सिरोंचा तालुक्यातल्या वडधमला तर जीवाश्म उद्यानच आहे. शाळेच्या सहलीत ही दोन ठिकाणं असती, तर त्या एका रुपयाची गोडी आणखी वाढली असती.

तो गेम चालायचा ती पेटी परवा बल्लारपूरच्या एका बंद पार्लरच्या गोडाऊनमध्ये सापडली. प्लायवूडची, गावच्याच सुताराने केलेली, आत साध्या रंगीत टीव्हीची २१ इंची पिक्चर ट्यूब. मालक ती कबाड्याला देणार होता. मी ती उचलून चंद्रपुरात आणली आणि गोल बाजाराच्या मागच्या बोळात टीव्ही दुरुस्त करणाऱ्या दादांकडे नेली. एकेकाळी अहेरी-सिरोंच्याहून लोक एसटीच्या टपावर, गादीत गुंडाळून टीव्ही त्यांच्याकडे पाठवत. आता दुकानात मोबाईलचे चार्जर आणि मिक्सर जास्त दिसतात.

मागची फळी काढल्यावर आत कोळशाच्या धुळीचा काळा थर. दादांनी आधी हात लावला तो ट्यूबच्या पाठीवरच्या रबरी टोपीला. एक वायर ट्यूबभोवतीच्या अर्थच्या तारेला अडकवली, तिचं दुसरं टोक लांब मुठीच्या पेचकसाला बांधलं आणि पेचकस हळूच टोपीखाली सरकवला. बारीक 'टक्' झालं. चालू ट्यूबवर तिथे २५ हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि सेट बंद केल्यावरही तो काचेत दबा धरून राहतो. एक हात खिशात, दुसऱ्याने काम, ही त्यांची सवय मी तेव्हाच पाहून ठेवली.

फ्यूज काळा पडला होता. "भाऊ, फ्यूज बदलून काही होत नाही जी. तो काऊन गेला ते पाहा," दादा म्हणाले. मीटरने पाहिलं तर हॉरिझॉन्टलचा, म्हणजे आडव्या रेघा ओढणाऱ्या भागाचा ट्रान्झिस्टर, बीयू-५०८, आरपार शॉर्ट. मला वाटलं, नवा लावला की झालं. पण ते भिंग घेऊन बोर्डाच्या पाठीवर झुकले. त्या ट्रान्झिस्टरला हाक देणारा एक छोटा ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या पायाभोवतीच्या कथलात केसाएवढी गोल चीर होती. ड्राय सोल्डर. तापलं की पाय फुगतो, निवलं की आकसतो, आणि वर्षानुवर्षांच्या या हालचालीने कथील सुटतं. मग ट्रान्झिस्टरला अर्धवट हाक मिळते, तो ना पूर्ण उघडतो ना पूर्ण मिटतो, आणि त्या मधल्या अवस्थेत तापून मरतो. ही चीर तशीच ठेवून नवा ट्रान्झिस्टर बसवला असता, तर तोही काही दिवसांत गेला असता. दुरुस्तीतलं सगळं शहाणपण मला या एका गोष्टीत दिसतं: मेलेला भाग बदलण्याआधी त्याला कोणी मारलं ते शोधायचं. या धीरासाठी त्यांनी वेगळे पैसे कधी मागितले नाहीत आणि आपणही कधी दिले नाहीत, हे मला बोचतं.

जुनं कथील शोषून काढून नवं भरलं, नवा ट्रान्झिस्टर बसला. तरी थेट वीज दिली नाही. भिंतीवर सिरीज बोर्ड होता, त्यात १०० वॅटचा बल्ब. वीज आधी बल्बातून जाते आणि मग सेटमध्ये. आत अजून शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि सेट वाचतो. सगळं ठीक असेल तर बल्ब एकदा भडकतो आणि मंदावतो. आमचा भडकला, मंदावला. दादांनी मान वळवून हाताखालच्या मुलाला विचारलं, "शिट्टी येऊन राहिली का रे?"

मला काहीच ऐकू येत नव्हतं. मुलगा म्हणाला, "हो जी, येऊन राहिली."

पिक्चर ट्यूबमधला किरण पडद्यावर सेकंदाला पंधरा हजारांहून जास्त रेघा ओढतो. त्याच गतीने आतला ट्रान्सफॉर्मर थरथरतो आणि त्याची अतिशय बारीक शिट्टी वाजते. हॉरिझॉन्टल जिवंत झाल्याची ती पहिली खूण, पडद्यावर उजेड यायच्या आधीची. पण इतका उंच स्वर लहानपणी आणि तरुणपणीच ऐकू येतो. पन्नाशीत कान त्याच्या खालीच थांबतात. दादांनी हजारो सेट या शिट्टीवर तपासले असतील. आता ती ऐकायला त्यांना त्या मुलाचे कान लागतात.

चित्र आलं, पण चेपलेलं. वरच्या रेघा एकमेकींवर दुमडलेल्या, खाली काळी पट्टी. व्हर्टिकल आयसीच्या ॲल्युमिनियम पंख्यांना खेटून एक कंडेन्सर होता, त्यावर छापलेलं ८५ अंश. कंडेन्सरच्या पोटात ओलसर द्रव्य असतं; ते सुकलं की चित्र असं चेपतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा कारखानदारांचाच ठोकताळा आहे. चंद्रपूरचा उन्हाळा ४७ अंशांच्या पुढे जातो. त्यात बंद पेटी, बंद खोली आणि शेजारी तापलेला आयसी. दादा त्या जागी कायम १०५ अंशांचा कंडेन्सर लावतात आणि तो पंख्यांपासून थोडा लांब, वाकवून बसवतात. कारखान्याने केलेली रचना इथल्या हवेला पुरत नाही, हे त्यांना कुठल्या पुस्तकाने सांगितलेलं नाही. चित्र उघडल्यावर कोपऱ्यात जांभळा डाग होता. पडद्याला लागलेलं चुंबकत्व घालवणारी डिगॉसिंग कॉइल पडद्यासमोर गोल गोल फिरवत, मागे मागे सरत दूर नेली आणि मगच बंद केली. डाग गेला.

एक गोष्ट मात्र गेली नाही. सेट बंद असताना काच तिरपी पाहिली की वरच्या कडेला शक्तीच्या पट्ट्या आणि 'इन्सर्ट कॉइन' ही अक्षरं धूसर उमटलेली दिसतात. वर्षानुवर्षं एकाच जागी जळून फॉस्फर तिथे थकला आहे. त्यावर दुसरी ट्यूब हाच उपाय, आणि तशी ट्यूब आता कुठे बनत नाही. मला तो डाग राहिलेलाच बरा वाटतो.

आजच्या एलईडी टीव्हीचं पॅनेल गेलं की नवा टीव्ही घ्या, असंच ऐकायला मिळतं. त्यात मेकॅनिकचा दोष नाही. ते पॅनेल उघडण्यासाठी बनवलेलंच नाही. पिक्चर ट्यूबचा सेट मात्र आपलं दुखणं पडद्यावर लिहून दाखवत असे, आणि ते वाचणारी माणसं तालुक्यातालुक्याला होती. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड शिकून किंवा नुसतं कोणाच्या दुकानात झाडू मारता मारता ती तयार झाली. त्यांच्यापैकी बरीच आता साठीत आहेत.

तुमच्या गोडाऊनमध्ये, शाळेच्या अडगळीत, जुन्या पार्लरमध्ये असा सेट असेल तर तो कबाड्याला देऊ नका. तांब्याच्या कॉइलसाठी कबाडी ट्यूबची मान तोडतो, आणि त्या काचेत शिसं असतं. सेट गावातल्या जुन्या मेकॅनिककडे न्या, सोबत सोळा-सतरा वर्षांचं एखादं पोरगं किंवा पोरगी न्या, आणि त्यांना तिथे दिवसभर बसू द्या. शिट्टी ऐकू येणारे कान त्यांच्याकडे आहेत. बाकीचं सगळं दादांसारख्यांकडे आहे, आणि विचारलं तर ते सांगतात.