दहा परस पाणी

वैरागच्या माणसाने स्कूबा डायव्हिंगचं सर्टिफिकेट काढायचं म्हणजे मालवणच्या माणसाने उंट हाकण्याचं लायसन काढण्यासारखं आहे. आमच्याकडे पाणी ही बुडण्याची वस्तू नव्हे, साठवण्याची आहे. बार्शी तालुक्यातला उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना मे महिन्यातली विहीर ठाऊक असेल. कठड्यावरून वाकून पाहिलं की तळाशी आभाळाचा रुपयाएवढा तुकडा दिसतो, आणि त्यातच घागर बुडवायची असते. तरीही आमच्या पिढीतली बहुतेक पोरं पोहायला शिकली ती विहिरीतच. पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा आणि थोरल्या चुलत्याने मागून ढकलून द्यायचं. झाला कोर्स! फी नाही, फॉर्म नाही, आणि रजा तर नाहीच नाही.

सर्टिफिकेटची कल्पना माझी नव्हे, आमच्या सौ.ची. दोन वर्षांपूर्वी आम्ही मालवणला गेलो होतो. तिथे गेलेला माणूस हल्ली सिंधुदुर्ग किल्ला पाहतो, सोलकढी पितो आणि पाण्याखाली जाऊन माशांबरोबर फोटो काढून घेतो. यात आपल्याला काही करायचं नसतं. एका कागदावर सही करायची, तोंडात नळी धरायची. मग तिथला एक पोरगा आपल्याला मागून पकडून पंधरा-वीस मिनिटं पाण्याखाली फिरवून आणतो. बाजारातून पिशवी आणावी तसा. मी वर आलो तो फोटोच्या समाधानात. सौ. वर आली, तिने मास्क काढला आणि त्या पोराला विचारलं, "दादा, कुणी न धरता खाली जायचं असेल तर काय करावं लागतं?"

"काकी, कोर्स करूचो लागतलो," तो म्हणाला.

परतीच्या एसटीत ती बराच वेळ गप्प होती. पंढरपूर मागे पडल्यावर म्हणाली, "सगळीकडे आपलं कोणी ना कोणी धरूनच नेतं. हे एक तरी आपलं आपण बघावं म्हणते."

मी चौकशी केली. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची या विषयाची एक संस्थाच आहे. कोर्सचं नाव 'ओपन वॉटर डायव्हर'. तो ठरवणारी मंडळी अमेरिकेतली; १९६६ साली स्थापन झालेल्या त्यांच्या संघटनेचं नाव 'पाडी'. हे मी घरात मोठ्याने वाचलं तेव्हा आमच्या मातोश्री पडवीतून म्हणाल्या, "कुणाची रं पाडी? दात बघून घे." त्यांचा समज मी मोडला नाही. गाय घ्यायला परगावी जाणं हे आमच्या घरात रजेचं सबळ कारण आहे.

तर कोर्स असा. आधी पुस्तकी अभ्यास आणि पन्नास प्रश्नांची परीक्षा, पास व्हायला पंच्याहत्तर टक्के. मग तलावातला सराव. मग समुद्रात चार बुड्या. शिवाय दोनशे मीटर पोहून दाखवायचं आणि दहा मिनिटं नुसतं तरंगायचं. एवढं पार पाडलं की अठरा मीटरपर्यंत, एक जोडीदार घेऊन, कोणी हाताला न धरता जायची परवानगी. अठरा मीटर म्हणजे आमच्या विहिरीच्या मापाने दहा परस. सहा परस पाण्याची विहीर म्हटलं की आमच्याकडे सोयरिकीला वजन येतं. इथे तर दहा!

अडचण पाण्याची नव्हती, रजेची होती. सगळा कोर्स तारकर्लीला करायचा तर चार दिवस. वैरागहून मोहोळ, पंढरपूर, मिरज, कोल्हापूर आणि मग घाट उतरून मालवण, म्हणजे जाण्यायेण्याचे दोन दिवस. शिवाय शेवटच्या बुडीनंतर एक कोरडा दिवस. त्याबद्दल पुढे सांगतो. एकूण सात. मी एका पतसंस्थेत आहे. आमच्याकडे किरकोळ रजा एका वेळी दोनच मिळतात. तिसरी मागितली की साहेब चष्मा काढून ठेवतात. बरं, पावसाळ्यात मालवणचा समुद्र बंद, आणि मार्चअखेर आमचं वर्षअखेर. उरले थंडीतले दोन-अडीच महिने.

पण कारकुनाला सात दिवसांचं काम दोन दिवसांत बसवता आलं नाही तर त्याने तीस वर्षं खातेवह्या जुळवल्या कशाला? चौकशीअंती कळलं की हा कोर्स तुकड्यांत करता येतो. अभ्यास घरी, संध्याकाळी, मोबाइलवर. तलावातला सराव पुण्याला, दोन रविवारी. रात्रीच्या एसटीने जायचं, रात्रीच्या एसटीने यायचं. मग पुण्याचा शिक्षक एक चिठ्ठी देतो, डॉक्टर मोठ्या इस्पितळाला देतात तशी. ती बारा महिने चालते. ती दाखवून समुद्रातल्या चार बुड्या दुसरीकडे मारायच्या. शुक्रवारी दोन, शनिवारी दोन, रविवारी सकाळी परत. रजा दोन. मी हा हिशेब पावतीच्या पाठीवर मांडून सौ.समोर ठेवला.

तिने तो वाचला. "छान बसवलंय," ती म्हणाली. "आता माझ्या रजा किती शिल्लक आहेत तेवढं बघून सांगा."

मी काही बोललो नाही.

"तुम्हाला वर्षाला ठरलेल्या रजा तरी आहेत. चोवीस वर्षांत मी किती घेतल्या? दोन बाळंतपणं आणि एकदा चिकुनगुनिया. बाळंतपणाच्या भरपगारी धरायच्या की कसं, ते तुमच्या साहेबांना विचारा. म्हशीची धार, आईंच्या गोळ्या, पोराचा डबा. हा माझा चार्ज मी कुणाकडे देऊ?"

हे खातं मी कधी उघडूनच पाहिलं नव्हतं, कारण ते कुठल्या वहीतच नाही. शेवटी चार्ज तीन ठिकाणी वाटला गेला. डबा शेजारच्या वहिनींकडे, गोळ्या पोराकडे आणि म्हैस गड्याकडे. त्या वाटपाला कोर्सपेक्षा जास्त दिवस लागले.

माझा अर्ज साहेबांपुढे गेला. कारणाच्या रकान्यात मी 'पाण्यात बुडी मारण्याचे प्रशिक्षण' असं लिहिलं होतं. साहेबांनी चष्मा काढला. "अहो, पतसंस्थेच्या माणसाने कागदावर बुडी हा शब्द लिहायचा नसतो. ठेवीदार घाबरतात. आणि बुडवायला रजा कशाला लागते? आपले कर्जदार बिनरजेचे बुडवतात." त्यांनी ते खोडून 'घरगुती कारण' असं लिहिलं आणि सही केली. त्या क्षणी तो त्यांना विनोद वाटला होता.

मग डॉक्टरांचा दाखला. पंचेचाळिशी उलटलेल्यांना प्रकृतीचे चार प्रश्न जास्त असतात. आमच्या डॉक्टरांनी फॉर्म उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "विहिरीत मोटर बसवायची आहे का?" समुद्र म्हटल्यावर त्यांनी रक्तदाब दोनदा मोजला, एकदा माझा आणि एकदा, उगीच, स्वतःचा.

अभ्यास मात्र गोडी लावणारा निघाला. १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां या दोघांनी पाण्याखाली श्वास घ्यायचं हे यंत्र तयार केलं. गान्यां इंजिनिअर. युद्धात पेट्रोल मिळेना, म्हणून गाड्या गॅसवर चालवायला त्याने एक झडप केली होती. तीच पुढे सुधारून माणसाच्या तोंडात बसवली. रॉकेलवर मोटारसायकल चालवणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे या गान्यांबद्दल मला एकदम घरोबा वाटू लागला.

दुसरी गोष्ट दाबाची. दहा मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब वरच्या दुप्पट होतो. तिथे भरून घेतलेला श्वास तसाच कोंडून वर आलं तर ती हवा फुगते आणि फुफ्फुसं फाटू शकतात. म्हणून पहिला नियम: श्वास कधी रोखायचा नाही. आणि वर येताना सावकाश. पाच मीटरवर तीन मिनिटं नुसतं थांबायचं. कारण खाली असताना हवेतला नायट्रोजन रक्तात मुरतो. घाईने वर आलं की सोड्याची बाटली फोडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. चढायला हवाच नको असं नाही, पण त्याला वेळ द्यावा लागतो. विमानाने जायचं तर अशा लागोपाठच्या बुड्यांनंतर निदान अठरा तास थांबा म्हणतात.

"आपण कुठे विमानाने जातोय?" मी म्हणालो. सौ.ने पुढचं पान काढून दाखवलं. (परीक्षेत तिचे मार्क माझ्यापेक्षा चार जास्त होते, हे ओघाने आलंच.) उंच घाट चढणं म्हणजेही उंचावर जाणंच. आंबोली ६९० मीटरवर आहे. कोल्हापूरच साडेपाचशेच्या आसपास. बुड्या मारणाऱ्यांच्या पुस्तकात तीनशे मीटरच्या वर 'उंच प्रदेश' सुरू होतो, आणि सोलापूर जिल्हा त्याच्या वर आहे! आम्ही जन्मभर स्वतःला सपाटीवरची माणसं समजत होतो. कोकणातून घरी जायचं म्हणजे आम्हाला विमानासारखेच तास मोजून थांबणं आलं. कोरडा दिवस म्हणतात तो हा.

तारकर्लीला शुक्रवारच्या दोन बुड्या सुरेख झाल्या. तिची पोहण्याची परीक्षा तर बघण्यासारखी. माहेरच्या विहिरीत भोपळा बांधून शिकलेली बाई, दोनशे मीटर न थांबता गेली. पाण्याखाली बोलता येत नाही, सगळं खुणांनी. जमिनीवर कर्जदार अंगठा दाखवतात तेव्हा आपण हात चोळत बसतो. पाण्याखाली एकाने अंगठा दाखवला की दोघांनी मिळून वर यायचं असतं. आणि हवा संपल्याची खूण म्हणजे गळ्यावरून आडवा हात. सरावात ती मी केली. तिने शांतपणे आपली जादा नळी माझ्यापुढे धरली. मी तिच्या टाकीतून श्वास घेत होतो आणि ती माझ्याकडे बघत होती. चोवीस वर्षं हेच चाललंय, असं काहीसं त्या मास्कमागे दिसलं. की तो मास्कच तसा होता, कोण जाणे.

शनिवारी सकाळी तिसरी बुडी झाली आणि वारा उठला. पाणी गढूळलं. शिकवणाऱ्या पोराने होडी वळवली. "चौथी उद्या सकाळी."

मी त्याला हिशेब समजावला. उद्या सकाळी नऊला बुडी, अठरा तास म्हणजे सोमवारची पहाट, मग चारशे किलोमीटर. सोमवारी ऑफिस आहे. उद्या बुडी मारून दुपारचीच एसटी धरली तर? नाहीतर आजच, अर्ध्या तासात, उरकून घेऊ.

"काकानू," तो हसून म्हणाला, "दर्याक घाई चलत नाय."

मी सौ.कडे पाहिलं. मला वाटलं, ती म्हणेल चला घरी, चौथी पुन्हा कधीतरी. चिठ्ठी बारा महिने चालते. ती म्हणाली, "पुन्हा कधीतरी म्हणजे तुमची रजा पुन्हा मिळेल. माझी नाही मिळायची. आणि घाट काही मी वेळेआधी चढणार नाही." मग तिने मोबाइल उचलला आणि सासूला फोन लावला. हे मात्र अवघड काम होतं. दहा परस पाणी त्यापुढे काहीच नाही.

"आई, एक दिवस जास्त लागतोय."

पलीकडे क्षणभर काही ऐकू आलं नाही. मग मातोश्रींचा आवाज इतका मोठ्याने आला की होडीतल्या सगळ्यांनी ऐकला. "मग ऱ्हा की! गडी बी आला न्हाई दोन दिस, धारा मीच काढतीया. हात मोडलेत व्हय माझं?" आणि थोडं थांबून, "तळाला काय हाय गं?"

सौ. सांगायला लागली. काळ्यापिवळ्या पट्ट्यांचे मासे, दगडाला धरून वाढलेलं पोवळं, आणि वर बघितलं की सूर्य कसा पातळ दिसतो ते. पलीकडून "आस्सं?" "आस्सं?" येत होतं. आईंचं माहेर-सासर दोन्ही याच तालुक्यात. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही. वीस मिनिटं तो फोन चालला. चोवीस वर्षांत या दोघी म्हशीशिवाय दुसऱ्या विषयावर एवढं बोललेल्या मी ऐकल्या नव्हत्या.

रविवारी पाणी निवळलं. चौथी बुडी झाली, पाच मीटरवरची तीन मिनिटं झाली, आम्ही वर आलो. दिवसभर तारकर्लीच्या वाळूत अठरा तास मोजत बसलो. काहीही न करता नवराबायकोने एका जागी बसणं हा कोर्सचा सर्वांत अवघड भाग आहे, आणि तो पुस्तकात नाही. संध्याकाळपर्यंत आम्हाला तो बऱ्यापैकी जमला.

सोमवार माझा बिनपगारी धरला गेला. साहेबांनी कारण विचारलं. मी म्हणालो, "तेच, घरगुती." सौ.च्या सोमवारचा प्रश्न मातोश्रींनी परस्पर निकालात काढला. वर्षातून चार दिवस सून घरात नसणार, असं त्यांनी गल्लीत जाहीर करून टाकलं आहे. गड्याला त्यांनी काढलं.

यापुढचा कोर्स तीस मीटरचा असतो, म्हणजे आमच्या मापाने सोळा परस. पाच बुड्या, दोन दिवस. सौ.ने फॉर्म आणून ठेवला आहे आणि जोडीदार म्हणून माझं नाव भरलं आहे. मी वही काढून पाहिली. माझ्या यंदाच्या रजा संपल्या आहेत. तिच्या चारही शिल्लक आहेत.