तुतीच्या मळ्यातले पाच निरोप

बंगळुरूच्या विमानतळावर उतरणारे बहुतेक प्रवासी थेट शहराची वाट धरतात. देवनहळ्ळीत शिरणारे थोडे. आपण मात्र जरूर शिरावे. किल्ल्याची दगडी तटबंदी, जवळच टिपू सुलतानाचे जन्मस्थान, आणि तालुक्यात आत जावे तसे तुतीचे हिरवेगार मळे. म्हैसूर राज्यात रेशमाला बळ दिले ते याच टिपूने.

तालुक्यातल्या विजयपुरात कोषांचा बाजार भरतो. एकीकडे पिवळसर कोषांचे ढीग, दुसरीकडे पांढऱ्याशुभ्र. खरेदीदार मूठभर कोष उचलतो, दाबून पाहतो आणि भाव मनात ठरवतो. आपल्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे दृश्य परके नाही. 2018 मध्ये जालन्यात बाजार सुरू होईपर्यंत तोही कोष घेऊन कर्नाटकात, रामनगरला येत असे.

पिवळसर कोष संकरित अळ्यांचे. त्यांची आई देशी ‘प्युअर मैसूर’ जातीची आणि बाप द्विप्रज, म्हणजे वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या जातीचा. जोडी उलटी लावत नाहीत. अंडी लगेच उबणार की कित्येक महिने निजून राहणार, हे एकटी आई ठरवते. बापाच्या हाती त्यातले काही नसते. म्हैसुरी आईची अंडी निजत नाहीत, म्हणून इथला शेतकरी वर्षभर एकामागून एक पीक घेऊ शकतो. द्विप्रज आईची अंडी निजतात. त्यांना वेळेत जागे करायचे तर हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवावे लागते.

आई हे ठरवते कशाने? तिच्या अन्ननलिकेखालच्या इवल्याशा चेतागुच्छात मोजक्या पेशी आहेत. त्या चेतापेशीही आहेत आणि संप्रेरक रक्तात सोडणाऱ्या ग्रंथीही. 1951 मध्ये फुकुदा आणि हासेगावा या जपानी शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे दाखवले की, अंड्यांना निजवणारे संप्रेरक इथूनच येते. पुढे 1993 मध्ये त्याचे जनुक वाचले गेले, तेव्हा निराळेच काही हाती लागले. पेशी ते संप्रेरक सुटे बनवतच नाही. ती 192 अमिनो आम्लांचे एक लांब प्रथिन विणते. त्यात ठरावीक जागी लायसिन, आर्जिनिन ही अमिनो आम्ले असतात. विकरे नेमकी तिथे कात्री चालवतात आणि पाच न्यूरोपेप्टाइड, म्हणजे चेतापेशींचे रासायनिक निरोप, सुटे होतात. त्यांतले 24 अमिनो आम्लांचे अंड्यांना निजवते. 33 अमिनो आम्लांचे दुसरे, पंख फुटलेल्या मादीला नराला बोलावणारा गंध तयार करायला लावते. जोडीदाराला हाक आणि पिल्लांची झोप, दोन्ही एकाच प्रथिनातून!

याहून थक्क करते ती त्यामागची आठवण. द्विप्रज मादी स्वतः अंड्यात असताना 25 अंश उबेत वाढली, तर तिची अंडी निजतात. 15 अंशांच्या गारव्यात, अंधारात वाढली, तर निजत नाहीत. मध्ये ती अळी होते, चार वेळा कात टाकते, कोष विणते, तरी जन्माआधीची ऊब तिच्या शरीरात नोंदलेली राहते. कोषातल्या अवस्थेत त्या नोंदीप्रमाणे संप्रेरक सुटते, वाढत्या अंड्यांत ग्लायकोजेन साठते आणि पुढची पिढी झोपेची शिदोरी घेऊन येते.

ही रीत किड्यापुरती नाही. आपल्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीतही एकच लांब प्रथिन कापले जाते. त्याच्या एका तुकड्यामुळे ताणाच्या वेळी अधिवृक्क ग्रंथी कामाला लागते, तर दुसऱ्यातून वेदना शमवणारे एंडॉर्फिन मिळते. कीटकांचे आणि आपले पूर्वज पन्नास कोटी वर्षांहून आधी वेगळे झाले, पण ही कात्री दोघांनीही सोडलेली नाही.

जालना असो की देवनहळ्ळी, रेशीमशेती शिकणाऱ्या मुलांना ‘आई म्हैसुरी, बाप द्विप्रज’ हा नियम पाठ करून देतात. त्यामागचे हे 24 अमिनो आम्लांचे कारणही त्यांना सांगितलेच पाहिजे. ज्या किड्यावर घर चालते, त्याची ही करामत आधी त्यांच्या कानी पडावी.