'म्हणाली' की 'म्हटला'?



माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी मी मोठेपणी, पुस्तके समोर ठेवून शिकले. त्यातून माझ्या हातून झालेली एक चूक आज सांगते.

एक शिक्षिका रजेवर असताना पाचवीच्या निबंधाच्या वह्या मी तपासल्या. एका मुलीने लिहिले होते, 'तिन्हीसांजेला आजीने हरिपाठ म्हटला.' मी ते तांबड्या शाईने खोडून वर लिहिले, 'आजी हरिपाठ म्हणाली.' एक गुणही कापला. हिंदीत 'उसने कहा', पण मराठीत 'तो म्हणाला'. 'म्हणणे' असेल तर 'ने' लावायचा नाही, असा नियम मी पाठ केला होता.

दुसऱ्या दिवशी ती आजीच शाळेत आली. वही पुढे ठेवून म्हणाली, "बाई, रागावू नका. पण 'मी हरिपाठ म्हणाले' असं चोपड्यात कुणी बोलेल का?" मी निरुत्तर झाले.

मग व्याकरण पुन्हा उघडले. 'म्हणणे' या क्रियापदाची भूतकाळात दोन रूपे होतात. 'आई म्हणाली, लवकर ये' यात ते कर्त्याप्रमाणे बदलते. श्लोक म्हटला, कविता म्हटली, गाणे म्हटले, यांत ते कर्माप्रमाणे बदलते आणि 'आजी'ची 'आजीने' होते. 'मी म्हटले, जाऊ दे' असे बोलण्यातही हेच दुसरे रूप येते.

असे आपल्याच भाषेत होते असे नाही. जवळच्या वेंगुर्ल्यात सतराव्या शतकात डचांची वखार होती. तिचे अवशेष अजून आहेत. त्या डचांच्या भाषेत 'झेखेन' म्हणजे म्हणणे. 'तो म्हणाला' यासाठी 'झेई' हे रूप आहे, पण करार संपवत असल्याचे कळवले, असे सांगताना त्याच धातूचे 'झेखदे' हे रूप येते. रोज वापरात असलेले क्रियापद सगळीकडे असेच नियमाला पुरून उरते.

मी मुलीचा गुण परत दिला आणि प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर चूक कबूल केली. मुलांनो, घरी ऐकलेले वाक्य वहीत खोडले गेले, तर न घाबरता विचारा. आम्ही शिक्षकांनीही लाल शाई वापरण्यापूर्वी ते वाक्य एकदा मुलाकडून मोठ्याने म्हणवून घ्यावे. चोपड्याच्या आज्यांचे मराठी माझ्या पुस्तकांहून जुने आहे.

आपली,
मुख्याध्यापिका