हरळी

“किती पडले?”

बाबांचा हा प्रश्न ठरलेला आहे. मी चप्पल घेऊ, लॅपटॉप घेऊ, की आईसाठी साडी. वस्तू कशी आहे हे ते नंतर विचारतात. घाटंजी तालुक्यातली उतारावरची सहा एकर कोरडवाहू जमीन सांभाळून त्यांनी मला इंजिनिअर केलं. त्यामुळे हा प्रश्न विचारायचा त्यांना हक्क आहे, आणि मी त्याचं उत्तर कधी खोटं दिलं नव्हतं. ते पहिल्यांदा दिलं ऑक्टोबर २०२४ मध्ये, स्पेनमधल्या एका डोंगरावर, हातात गोल्फची स्टिक घेऊन.

पुण्यातल्या कंपनीनं मला वर्षभरासाठी मालागाला पाठवलं होतं. तिथल्या किनारपट्टीला कोस्टा देल सोल म्हणतात, म्हणजे उन्हाचा किनारा. पण या पट्ट्यात सत्तरहून जास्त गोल्फ कोर्स आहेत, म्हणून लोक तिला गमतीनं कोस्टा देल गोल्फही म्हणतात. माझा टीम लीड हौशी खेळाडू. त्यानं दोन महिने मला सरावाच्या मैदानावर नेऊन नुसते बॉल मारायला लावले. विटीदांडू खेळलेल्या हाताला बॉल उडवणं जड गेलं नाही. तो सरळ पाठवणं मात्र अजून जमलेलं नाही.

एका शनिवारी तो म्हणाला, “आता डोंगरावर जाऊ. काबोपिनोला. दुपारनंतरचा दर आहे, एकदम स्वस्त.”

स्वस्त म्हणजे बग्गी धरून माणशी साठेक युरो. याच किनाऱ्यावर पुढे वाल्देरामा नावाचा कोर्स आहे, जिथे १९९७ साली रायडर कप झाला. तिथे एका फेरीला कित्येकशे युरो पडतात. त्यामानानं हे स्वस्तच. मी पैसे भरले आणि त्याचे रुपये केले नाहीत. परदेशात सुखानं राहायचं असेल तर नव्वदनं गुणायचं थांबवावं लागतं, हे तिथल्या प्रत्येक भारतीयानं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

काबोपिनो मार्बेयाच्या पूर्वेला आहे. पाइनची झाडं, त्यांच्यामधून चढणाऱ्या-उतरणाऱ्या हिरव्या पट्ट्या आणि खाली भूमध्य समुद्र. हवा स्वच्छ असली की या किनाऱ्यावरच्या टेकड्यांवरून आफ्रिकेचे डोंगरही दिसतात. चढ इतका की बग्गी नसती तर नवव्या होलपर्यंत माझा दम निघाला असता.

डोंगरावरचं गोल्फ सपाटीवरच्यापेक्षा वेगळं असतं, हे मला तिथे कळलं. बॉल पायांपेक्षा उंचावर असेल तर उजव्या हाताच्या खेळाडूचा फटका डावीकडे जातो. चढावर मारताना नेहमीपेक्षा लांब पल्ल्याची स्टिक घ्यावी लागते. सगळ्यात कठीण म्हणजे ग्रीन, जिथे बॉल हळूच ढकलून होलमध्ये घालायचा असतो. होल जेमतेम १०८ मिलिमीटरचं आणि जमीन दिसते सपाट, पण असते कलती. टीम लीड म्हणाला, “कळेनासं झालं की समुद्र कुठे आहे ते बघ. बॉल तिकडेच वळतो.”

मला आमचं शेत आठवलं. आमच्याकडेही उतार डोळ्यांना फसवतो. बांध घालायच्या आधी बाबा आणि गावातले लोक ए-फ्रेम घेऊन फिरायचे. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वर बांधलेल्या, मध्ये आडवी काठी, आणि वरून दोरीला लटकवलेला दगड. दोरी आडव्या काठीच्या बरोबर मध्यावर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे फक्की टाकायची आणि पुढे सरकायचं. त्या पांढऱ्या रेघेवर चर खणला की वरून येणारं पाणी पळून न जाता थांबतं. चौथीत असताना फक्कीचं घमेलं माझ्याकडे असायचं.

बाराव्या होलवर बाबांचा व्हिडिओ कॉल आला. भारतात साडेआठ वाजले होते, त्यांचं जेवण झालेलं. मी फोन फिरवून सगळं दाखवलं.

“समुद्र राहू दे,” ते म्हणाले. “पानी कोठून देते इतल्या गवताले?”

हा प्रश्न मलाही पडला होता. दुष्काळामुळे तिथल्या अनेक गावांनी किनाऱ्यावरचे शॉवर बंद केले होते, तरी गोल्फ कोर्स हिरवेगार कसे? मी शोधलं होतं. आंदालुसिया प्रांतात २००८ पासून नियम आहे की गोल्फ कोर्सला शुद्ध केलेलं सांडपाणीच द्यायचं.

“म्हंजे मोरीचं, संडासाचं?”

“हो, साफ करून.”

“मंग हे आपल्या यवतमाळात काहून नाही करत?”

२०१८ च्या उन्हाळ्यात मी यवतमाळात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. निळोणा आणि चापडोह धरणांनी तळ गाठला होता, नळाला कित्येक दिवस पाणी नसायचं. आम्ही रूमवरची पोरं अभ्यास सोडून टँकरच्या मागे धावलो होतो. तेव्हा शहराचं सांडपाणी कुठे जातं, हा प्रश्न आमच्यातल्या एकाही भावी इंजिनिअरला पडला नव्हता.

“गवत कोणतं हाये?” बाबांनी विचारलं. मी फोन खाली नेला. ते बराच वेळ बघत राहिले. “हे तं हरळी दिसते रे.”

मी हसलो. पण टीम लीडला विचारलं तर तो म्हणाला, बर्म्युडा ग्रास. फोनवर शोधलं. बर्म्युडा म्हणजे हरळीच. मैदानांसाठी लावतात ती तिचीच निवडक वाणं आणि संकरित भावंडं. उष्ण भागातल्या कोर्सवर हीच लावतात, कारण ती पसरते, तुडवली तरी मरत नाही, उन्हात टिकते. नेमकं याच गुणांसाठी आई तिला शिव्या देते. कपाशीतली हरळी काढता काढता तिच्या नखांत कायमची माती बसलेली आहे.

बाबा खो खो हसले. “आपण निंदून बांधावर फेकतो अन् हे पैसे देऊन लावते!” मग लगेच, “खेळाले किती पडले?”

“पाचशे,” मी म्हणालो. “रुपये.”

“बरं,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढचे सहा होल मी कसे खेळलो ते आठवत नाही. गुणाकार आता थांबेना. साठ गुणिले नव्वद, पाच हजार चारशे. त्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,१२१ रुपये होता. म्हणजे माझी दुपार पंचाहत्तर किलो कापसाची. आमच्या शेतात दोन बायांनी दिवसभर वाकून वेचावा इतका.

परतताना टीम लीड सेव्ही बायेस्तेरोसबद्दल सांगत होता. जन्म १९५७, उत्तर स्पेनमधल्या पेद्रेन्या गावी, शेती करणाऱ्या घरात. गावाशेजारी मोठा गोल्फ क्लब, पण गावातली मुलं तिथे कॅडी, म्हणजे दुसऱ्यांच्या बॅगा वाहणारी. सेव्ही जुन्या तीन नंबरच्या लोखंडी स्टिकनं समुद्राच्या वाळूवर शिकला आणि १९७९ साली ब्रिटिश ओपन जिंकला. त्यालाही घरी कुणी विचारलं असेल का, किती पडले म्हणून? त्याला तर पडले नव्हते, मिळाले होते. मी मात्र अजून पैसे देणाऱ्यांच्या बाजूला नवा होतो.

दिवाळीला घरी जाता आलं नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फोन केला. आईशी बोलून झालं, बाबांनी फोन घेतला. मी सरळ सांगून टाकलं. “बाबा, त्या दिवशी पाचशे नव्हते. पाच हजार चारशे होते.”

“मले मालूम होतं,” ते म्हणाले.

“कसं?”

“पाचशे रुपयात हरळी निंदून होत नाही, राखनं तं दूरच. एवढं गवत राखाले किती मानसं लागत असन, ते दिसते ना मले.”

मी गप्प. ते रागावलेले नव्हते, हे आवाजावरून कळत होतं, आणि त्यामुळे जास्त अवघड वाटत होतं.

“खेळ ना बाबू. तुह्या कमाईचं हाये. पन लपवत नको जाऊ. कापूस कितीत गेला ते मी लपवलं का कधी?”

“यंदा कितीत गेला?”

“पयल्या वेच्याचा सहा हजार आठशेनं.”

हमीभावापेक्षा तीनशे एकवीस कमी. दोन्ही आकडे आता दोघांनाही माहीत होते. बाहेर कुणीतरी फटाक्यांची लड लावली, ती संपेपर्यंत आम्ही काही बोललो नाही.

मग त्यांनी विचारलं, “खत कोनतं टाकते रे ते हरळीले?”