माणशी 90 रुपये

आमच्या ऑफिसात महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून बाहेर जेवायची पद्धत आहे. ऑफिस अलकापुरीत, त्यामुळे हॉटेलंही तिथलीच. एसी, काचेचे दरवाजे, माणशी चारशे-पाचशे. बिल आलं की फोन काढायचे, सारखे भाग करायचे, झालं. यात कुणाची अडचण होत असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मग लक्षात आलं, नव्याने लागलेल्या ट्रेनी मुलाचा उपवास नेमका त्याच दिवशी येतो. एकदा मंगळवार, एकदा एकादशी, एकदा पोटच बरं नाही. त्याचा पगार किती हे सगळ्यांना माहीत होतं. विचार मात्र कुणी केला नव्हता, मीसुद्धा.

जानेवारीत जागा ठरवायची पाळी माझ्यावर आली. मी ग्रुपवर लिहिलं, "शंभराच्या आत. सेव-उसळ." (घरी आपण शेव म्हणतो, पण इथे 'सेव' म्हटल्याशिवाय तोंडाला पाणी सुटत नाही.) साहेबांनी विचारलं, "आ लंच छे के नास्तो?" हिशेबवाल्या बेन जैन, आणि रश्श्यातच कांदा-लसूण. त्यांच्यासाठी शेजारच्या दुकानातून खमण घ्यायचं ठरवलं. मुलाला मी काही वेगळं विचारलं नाही. तो आपणहून म्हणाला, "हुं आवीश."

चार स्कूटरवर आठ जण निघालो. काळा घोडा, विश्वामित्रीचा पूल (मगर दिसते का हे बघायला नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या माना वळल्या), मग दांडिया बाजार. आजोबांचं बिऱ्हाड इथेच होतं. आजीला ही सेव-उसळ मुळीच मान्य नव्हती. "मोड कुठायत? नुसते वाटाणे शिजवले की उसळ होते का?" म्हणायची. आणि थंडीत ओली लसूण आली की मलाच डबा घेऊन पिटाळायची. उसळ गायकवाडांबरोबर आलेल्या मराठी घरांतून बडोद्यात रुजली, असं इथे सगळेच सांगतात. आजीला तेही पटत नसे.

दुकान म्हणजे सहा बाकडी आणि एक मोठं पातेलं. पांढऱ्या वाटाण्यांचा पातळ रस्सा, वर लाल तरी, ओला कांदा, ओली लसूण, लिंबाची फोड, बाजूला पाव आणि जाडी शेव. साहेबांनी सगळी शेव एकदम ओतली. तेवढ्यात आमचा मुलगा पुढे झाला. "सर, थोडी थोडी. नाहीतर लगदा होतो." मग त्याने सगळ्यांचा ताबाच घेतला. कुणाला तरी वेगळ्या वाटीत, कुणाला कमी तिखट, पाव गरम करून. तो मांडवीजवळच राहतो, शाळेपासून इथे येतोय, हे तेव्हा कळलं. चार महिने शेजारच्या टेबलावर बसून मला त्याचं घर कुठे हे माहीत नव्हतं! पातेल्याशी उभ्या असलेल्या काकांना तो जरा मोठ्यानेच म्हणाला, "काका, आ बधा मारी ऑफिसना छे."

काकांनी सगळ्यांच्या ताटलीत एकेक डाव जास्तीचा वाढला.

हिशेब बेननीच केला. सात उसळी 490, जादा पाव 70, आठ छास 120, खमण 40. एकूण 720, म्हणजे माणशी 90. मुलाने सगळ्यांच्या आधी फोन पुढे करून त्याचे 90 दिले. आम्ही बाहेर आलो तर तो चहाच्या टपरीवर उभा. "आठ कटिंग," त्याने सांगूनही टाकलं होतं.

"अरे, मी देते," मी पुढे झाले.

"ना बेन. चा मारा तरफथी."

साहेबांनी खिशातून काढलेला फोन गुपचूप परत ठेवला. आम्ही उभ्याउभ्याच चहा प्यायलो. चहा बडोद्याचा, म्हणजे साखर भरपूर.

फेब्रुवारीत जागा तो ठरवणार आहे.