कंपनीचे बिऱ्हाड

मराठी संगीत नाटकाचा इतिहास आपण बहुधा पदांच्या अंगाने वाचतो, आणि शिकवतोही तसाच. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले. मग भाऊराव कोल्हटकर, बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ. ही परंपरा उत्तरपत्रिकेच्या दोन पानांत नीट मावते. आम्हांला मात्र अलीकडे एका वेगळ्याच प्रश्नाने धरले आहे. गावोगाव फिरणारी ही सारी माणसे जेवत कुठे होती?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण आम्ही भिवंडीत राहतो आणि शिकवतो, आणि या गावात तो क्षुल्लक ठरत नाही. येथील यंत्रमागांवर दूरच्या मुलखांतून आलेला कामगार पुष्कळदा एकटाच आलेला असतो. घर गावाकडे, खोली सात-आठ जणांत, आणि जेवण भिशीत. (इतरत्र भिशी म्हटले की दरमहा पैसे जमवण्याची गोष्ट आठवते, भिवंडीत भिशी म्हणजे कामगारांची खाणावळ.) एकाच मुलखाच्या पुरुषांनी एका पंगतीला बसून, हिशेब वहीत मांडून, उधारीवर जेवायचे आणि पगार झाला की चुकते करायचे. मागाचा खडखडाट हा भिवंडीचा दर्शनी भाग. भिशी हे तिचे नेपथ्य. गणपतराव बोडसांचे ‘माझी भूमिका’ किंवा चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ अशा गावात वाचताना लक्ष आपोआप रंगपटाच्याही मागे, चुलीकडे जाते.

नाटक कंपनी म्हणजे सर्वप्रथम एक बिऱ्हाड होते. मुक्काम पडला की गावात एखादा वाडा भाड्याने घ्यायचा; पडदे, ट्रंका, ऑर्गन, तबले आणि दिवाबत्तीचे सामान नाटकगृहावर, तर भांडीकुंडी वाड्यावर. मालक, भागीदार, पगारी नट, स्त्रीभूमिका करणारी मुले, साथीदार, प्रॉम्प्टर, पडदे ओढणारे, आचारी, पाणके असा सारा गोतावळा एका छपराखाली राहायचा. रात्री नऊ-दहाला सुरू झालेला खेळ ‘वन्स मोअर’च्या कृपेने पहाटेपर्यंत चालायचा; म्हणजे या घरात दिवस उजाडायचा तोच मुळी दुपारी. मग तालीम, गाण्याची मेहनत, आणि पुन्हा पंगत.

या घराचे अर्थशास्त्र साधे आणि क्रूर होते. खेळ आठवड्यातून दोन-तीन, चूल मात्र सातही दिवस. मुख्य नटाचा आवाज बसला तर खेळ बंद ठेवता येत असे; पंगत बंद ठेवता येत नसे. नाटक पडले, पाऊस लांबला, मुक्काम फसला, तरी तितक्याच तोंडांना अन्न आणि पुढच्या गावाला जायला तितकेच रेल्वेभाडे. आमच्या वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले होते, की कंपनीत पैसे कमी पडले तर आधी कोणाचा पगार थांबायचा? त्याचे वडील भिशीत जेवणारे. नाट्यशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा हा प्रश्न आम्हांला कंपनीच्या अधिक जवळ घेऊन गेला. कारण कंपन्या फुटल्या त्या पुष्कळदा याच ठिकाणी. मालक कोण आणि पगारी कोण, या रेघेवर. १९१३ साली बालगंधर्व, बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले व तिघांच्या भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. काही वर्षांतच टेंबे गेले, मग बोडस गेले, आणि कंपनी एकट्या बालगंधर्वांची झाली.

गंधर्व मंडळीच्या वैभवाच्या कथा आपण सगळ्यांनीच ऐकल्या आहेत. उंची शालू, अत्तरे, तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष, १९२० च्या ‘द्रौपदी’वरचा अफाट खर्च. १९२१ च्या सुमारास कंपनीवर कर्जाचा डोंगर असल्याचे उघड झाले, आणि त्याच वर्षी ८ जुलैला टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांबरोबर संयुक्त ‘मानापमान’ही झाले. या उधळेपणाला कलावंताचे औदार्य म्हणण्याची रीत आहे. आम्हांला ते अर्धेच पटते. मालकाच्या औदार्यावर ज्यांचे दोन वेळचे जेवण अवलंबून असते, त्यांना त्या औदार्यात वाटा असतो आणि मत नसते.

या बिऱ्हाडातील मुलांविषयी थोडे अधिक बोलायला हवे. नारायण राजहंस किर्लोस्कर मंडळीत आले ते १९०५ साली, सतराव्या वर्षी. पण अनेक मुले त्याहून लहान असत. केशवराव भोसले तर बालपणीच स्वदेशहितचिंतक मंडळीत गेले आणि १९०८ साली हुबळीला त्यांनी ललितकलादर्श काढली तेव्हा ते अठरा वर्षांचेही नव्हते. दीनानाथ मंगेशकर किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून १९१८ साली बळवंत संगीत मंडळीचे एक मालक झाले, तेही त्याच वयात. आपण याला असामान्य प्रतिभेचा पुरावा मानतो, तो आहेच. पण आईच्या हातचे जेवण सुटलेल्या आणि पंगतीत वाढलेल्या मुलाला लवकर मोठे व्हावे लागते, हेही त्यात आहे. गोविंद बल्लाळ देवलांसारखा तालीममास्तर लाभला तर कंपनी ही शाळा होई. सर्वांना देवल लाभत नसत.

आणि स्त्रिया? १२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली होती, तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले. ही हकीकत आजवर नटाच्या निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितली गेली, आम्हीही वर्गात तशीच सांगत आलो. त्या मुलीची आई लक्ष्मीबाई या कथेत कुठेच बोलत नाही. शेकडो प्रेक्षक ज्याच्या स्त्रीरूपावर लुब्ध होते त्या नटाच्या घरातील स्त्री नेपथ्याच्याही पलीकडे राहिली.

बोलपट आला आणि हे बिऱ्हाड मोडले. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त स्वतः टेंबेच नायक होते, बळवंत मंडळीने चित्रपटाची वाट धरली, आणि १९३५ साली बालगंधर्व ‘धर्मात्मा’त दिसले. लोकांची अभिरुची घसरली, असे त्यावर पुष्कळांनी लिहिले आहे. आम्हांला कारण अधिक साधे दिसते. चित्रपट डब्यात बसून गावाला जातो आणि त्याला पंगत लागत नाही.

१९२९ साली हिराबाई बडोदेकरांनी भावाबहिणींना घेऊन नूतन संगीत नाटक मंडळी काढली, तेव्हा कंपनीचे बिऱ्हाड प्रथमच खऱ्या अर्थाने घरासारखे झाले असावे. स्त्रीभूमिका स्त्रियाच करीत होत्या आणि मालकीणही स्त्रीच होती. पण काळ उलटला होता. कंपनी काही वर्षांत मिटली आणि हिराबाई पुन्हा मैफलींकडे वळल्या. तंबोरे, तबला, पेटी आणि दोन-तीन माणसे. सगळा प्रवास रेल्वेच्या एका डब्यात मावत होता.